वाचनालयातलं पुस्तक काढा असं निवेदन आलं तर काय करायचं

तुमचा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असं की तुम्ही एका क वर्ग सार्वजनिक वाचनालयात ग्रंथपाल आहात, गावातल्या काही तरुणांनी येऊन एका ऐतिहासिक कादंबरीबद्दल निवेदन दिलं, या पुस्तकावर बंदी आहे, आठ दिवसांत काढा नाहीतर आंदोलन करू, आणि अध्यक्ष म्हणतायत कशाला उगाच वाद, गुपचूप आतल्या कपाटात टाकून द्या. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्यात. खरंच बंदी आहे का हे कसं कळणार, नसेल आणि आपण पुस्तक ठेवलं तर आपल्यावर काही येईल का, आणि लोकांनी काय वाचावं हे ठरवणारे आपण कोण. पुस्तकाचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. कायद्याची बाजू नावावर अवलंबून आहे, पण वाचनालयाने वागायचं कसं हे नावावर अवलंबून नसावं, म्हणून नाव नसलं तरी उत्तर देता येतं.

मी तालुक्याच्या गावी वाचनालयात ग्रंथपाल म्हणून निवृत्त होईपर्यंत काम केलं, आता तिथल्याच ग्रंथ निवड समितीवर आहे. अशी निवेदनं मी वेगवेगळ्या लोकांकडून, वेगवेगळ्या झेंड्याखालून आलेली घेतली आहेत. मी वकील नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगते ते एका ग्रंथपालाला कामापुरतं माहीत असायला हवं एवढंच. तुमच्या गावातलं वातावरण, पोलिस स्टेशनशी तुमचे संबंध, कमिटीत कोण आहे, यावर पुष्कळ काही ठरतं आणि ते तुम्हालाच माहीत.

सगळ्यात आधी एक सांगते, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. लेखी निर्णय होईपर्यंत पुस्तक जागचं हलवू नका. ज्या फडताळावर आहे तिथेच राहू दे, कोणी नेलं असेल तर नेहमीप्रमाणे परत येऊ दे.

आता "बंदी" म्हणजे काय ते बघू, कारण हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. सरकारला एखादं पुस्तक सरकारजमा करायचं असेल तर त्याचा ठरलेला रस्ता आहे. आधी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ मध्ये होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. राज्य सरकारला अधिसूचना काढावी लागते, आणि त्यात आपल्याला असं का वाटतं याची कारणं द्यावी लागतात, म्हणजे समाजासमाजात वैर निर्माण करणं, धार्मिक भावना जाणूनबुजून दुखावणं, अश्लीलता अशा ठराविक गुन्ह्यांपैकी कुठला मजकूर पुस्तकात आहे ते. अशी अधिसूचना निघाली की पोलिस ती प्रत भारतात कुठेही सापडली तरी जप्त करू शकतात, हे पुष्कळांना माहीत नसतं. म्हणजे दुसऱ्या राज्याने काढलेली अधिसूचना असेल तर "ती आपल्याकडे लागू नाही" असं म्हणून सोडून देऊ नका. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जम्मू-काश्मीर प्रशासनाने एकदम २५ पुस्तकं अशी जप्त घोषित केली, त्यातली काही मोठ्या नामांकित प्रकाशकांची होती आणि देशभरच्या ग्रंथालयांत असू शकतील अशी होती.

त्यामुळे निवेदन घेऊन आलेल्या मंडळींना शांतपणे एकच विचारायचं, अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख द्या. असेल तर ते देतील. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा व्हॉट्सॅपवर आलेला मेसेज दाखवतात, किंवा कुठल्यातरी सभेत कोणीतरी म्हणालं होतं असं सांगतात. तरीही तुम्ही आपल्या बाजूने जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला एक साधं पत्र द्या, अमुक पुस्तक, लेखक, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, यावर जप्तीची अधिसूचना आहे का ते कळवावं. उत्तर येईल न येईल, पण पत्राची पोहोच तुमच्या फाइलला लागली की तुम्ही हात झटकून बसला नव्हता हे सिद्ध होतं. हे फार कामाला येतं.

बंदीची बातमी झाली पण पुढे काय झालं ते लोकांपर्यंत पोहोचलंच नाही, असंही पुष्कळदा असतं. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांना आठवणारं उदाहरण म्हणजे जेम्स लेन यांचं शिवाजी महाराजांवरचं इंग्रजी पुस्तक. प्रकाशकाने ते २००३ च्या नोव्हेंबरमध्येच मागे घेतलं होतं, ५ जानेवारी २००४ ला पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला, त्याच महिन्यात सरकारने बंदी घातली. इथपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पण २००७ मध्ये मुंबई हायकोर्टाने जप्तीची अधिसूचना रद्द केली आणि २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला हे दहा जणांना विचारलं तर दोघांनाही सांगता येत नाही. महाराजांबद्दल माझ्या मनात काय आहे ते मला वेगळं सांगायची गरज नाही, आणि त्या पुस्तकातल्या वादग्रस्त मजकुरावर इतिहासकारांनी जे आक्षेप घेतले ते घ्यायलाच हवे होते. पण भांडारकरसारख्या ठिकाणी पिढ्यानपिढ्या जपलेल्या गोष्टींची त्या दिवशी नासधूस झाली, ती बघून ज्या ग्रंथपालाच्या पोटात गोळा आला नसेल असा मला तरी कोणी भेटलेला नाही.

त्या निकालातल्या दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. एक म्हणजे कोर्टाने म्हटलं की अधिसूचनेत नुसते कायद्यातले शब्द उतरवून चालत नाही, कोणत्या गटांमध्ये वैर निर्माण होतंय, कशामुळे, हे सांगावं लागतं. आणि पुस्तकाचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समजूतदार माणसाच्या मनावर काय होईल यावरून, ज्याला प्रत्येक विरोधी मतात धोकाच दिसतो अशा डळमळीत मनाच्या माणसावरून मोजायचा नाही. ही कसोटी मुळात आपल्या नागपूरच्या हायकोर्टातली, न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्याच्या आधी मांडलेली. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. कोर्टात गेलेले लोक त्या पुस्तकाचे लेखक नव्हते, प्रकाशकही नव्हते. कायद्यात तरतूद अशी आहे की पुस्तकात ज्याला काही "हितसंबंध" आहे असा कोणीही राजपत्रात अधिसूचना आल्यापासून दोन महिन्यांत हायकोर्टात जाऊ शकतो आणि तीन न्यायाधीशांचं खंडपीठ ते ऐकतं. म्हणजे वाचू इच्छिणाऱ्या माणसालाही तिथे दारात उभं राहता येतं. राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये बोलण्याचं, लिहिण्याचं स्वातंत्र्य दिलंय असं आपण म्हणतो, पण ऐकणारा आणि वाचणारा त्यातून वगळला तर त्या स्वातंत्र्याचं करायचं काय.

आता दुसरी बाजूही सांगते, कारण अर्धवट धीर देणं बरोबर नाही. कोर्ट प्रत्येक वेळी बंदी उठवतंच असं नाही. त्याच २०१० साली जानेवारीत मुंबई हायकोर्टाने इस्लामवरच्या एका इंग्रजी पुस्तकावरची महाराष्ट्र सरकारची बंदी कायम ठेवली. धर्मावर टीका करता येते, पण या पुस्तकातली टीका द्वेष पसरवायच्या हेतूने केलेली आहे, असं तिथे कोर्टाचं म्हणणं पडलं. कर्नाटकातल्या एका कन्नड कादंबरीवरची बंदी सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये मान्य केली. उलट गोपाळ गोडसे यांच्या पुस्तकावर दिल्ली प्रशासनाने घातलेली बंदी मुंबई हायकोर्टाने १९६९ मध्ये रद्द केली. यातलं कुठलं पुस्तक मला पटतं कुठलं नाही हा प्रश्नच इथे नाही. मुद्दा एवढाच की कारणं लिहिली गेली, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या, आणि निकाल आज कोणालाही वाचता येतो. हे तिन्ही तुमच्या आतल्या कपाटात होत नाही.

ठेवल्याबद्दल आपल्यावर काही येईल का, हे विचारलंत. अधिसूचना नसेल आणि पुस्तक रीतसर प्रकाशित, रीतसर विकत घेतलेलं असेल तर नुसतं ठेवल्याबद्दल सहसा काही येत नाही. सहसा म्हणते कारण अश्लीलतेचं कलम वेगळं चालतं, तिथे आधी सरकारी बंदी असायलाच हवी असं नाही. मुंबईतल्या एका बुकस्टॉलच्या भागीदारांना लेडी चॅटर्लीज लव्हर या इंग्रजी कादंबरीची प्रत विकल्याबद्दल शिक्षा झाली आणि १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली. पुढे पाच वर्षांतच, १९६९ मध्ये, चंद्रकांत काकोडकरांच्या "श्यामा" या कथेबद्दल सुप्रीम कोर्टाने उलट निकाल दिला. ती १९६२ च्या रंभा दिवाळी अंकात आली होती, पुण्यातून तक्रार झाली, खालच्या कोर्टाने सोडलं पण हायकोर्टाने दोषी धरलं, आणि वर सुप्रीम कोर्टाने कथा पूर्ण वाचून म्हटलं की नुसता लैंगिक उल्लेख आला म्हणून अश्लील म्हणायचं ठरवलं तर धार्मिक सोडून दुसरी पुस्तकं विकताच येणार नाहीत. २०१४ मध्ये तर सुटा उतारा काढून बघायची ती जुनी इंग्रजी कसोटीच बाजूला पडली, आता कलाकृती सबंध बघायची आणि आजच्या समाजाच्या मापाने बघायची. शिवाय साहित्य, कला, विज्ञान, अभ्यास यांच्यासाठीच्या पुस्तकांना कायद्यातच अपवाद आहे. तुमची ऐतिहासिक कादंबरी मला तरी यात कुठे बसताना दिसत नाही, पण कोणी खरोखर एफआयआर केला तर माझ्या उत्तरावर विसंबू नका, त्याच दिवशी वकील गाठा.

कारण निर्दोष सुटण्यालाही किती वर्षं लागतात ते बघा. वसंत दत्तात्रेय गुर्जरांची गांधीजींवरची कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका बुलेटिनमध्ये छापली गेली, सुप्रीम कोर्टाचा निकाल आला २०१५ च्या मे महिन्यात. छापणाऱ्यांनी आधीच माफी मागितली होती म्हणून त्यांना सोडलं, कवीवर मात्र खटला चालू द्यायला सांगितलं. एकवीस वर्षं. तेव्हा अध्यक्षांना भीती वाटते याला मी नावं ठेवणार नाही. भीती खरी आहे. तिच्यावर कपाट हा उपाय नाही एवढंच माझं म्हणणं आहे.

"बंदी" म्हणून जे सांगितलं जातं त्यात आणखी बरंच काही मिसळलेलं असतं. सलमान रश्दींच्या सॅटॅनिक व्हर्सेस या कादंबरीवर १९८८ मध्ये आली ती परदेशातून आयात करायची बंदी, कस्टम्सची. ती अधिसूचना २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टात कुणालाच सादर करता आली नाही, आणि ती अस्तित्वातच नाही असं धरून कोर्टाने प्रकरण मिटवलं. एवढ्या मोठ्या बंदीचा कागद सापडत नाही म्हणजे गावातल्या मेसेजचं काय. वेंडी डॉनिगर यांचं हिंदूंवरचं पुस्तक २०१४ मध्ये प्रकाशकानेच समझोता करून मागे घेतलं, सरकारने त्यावर बंदी घातली नव्हती. मुंबई विद्यापीठाने २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्रींची एक कादंबरी अभ्यासक्रमातून काढली, ती विकत घ्यायला वाचायला मोकळीच होती. महाबळेश्वरच्या २००९ च्या साहित्य संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना संत तुकारामांवरच्या कादंबरीमुळे माफी मागूनही पद सोडावं लागलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने आठवड्याच्या आत मागे घेतला, तेव्हाही पुष्कळ वाचक "ते बॅन झालंय ना?" असं विचारत आले होते. पुरस्कार गेला, अभ्यासक्रमातून गेलं, प्रकाशकाने थांबवलं, या प्रत्येक गोष्टीचा अर्थ वेगळा आहे आणि त्यातल्या कशानेही तुमच्या वाचनालयातली प्रत बेकायदा होत नाही.

आता कपाट. मला यावर सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण सरकारी जप्ती क्वचित येते, कपाट मात्र रोज होतं. आपल्याकडची बहुतेक पुस्तकं वाचकाच्या हातातून अशीच गेली आहेत, कुणाच्या तरी सुचवण्यावरून, कागदावर एक ओळ न लिहिता. अध्यक्ष म्हणतात वाद टळतो. टळतो कुठे, तो फक्त तुमच्या काउंटरवर येऊन बसतो. दाखल नोंदवहीत पुस्तक आहे, कॅटलॉगला आहे, कॉम्प्युटरला आहे, सभासद येऊन मागतो आणि तुम्ही म्हणता बाहेर गेलंय. पुढच्या आठवड्यात परत येतो, तुम्ही परत म्हणता अजून आलं नाही. वर्गणी भरणाऱ्या माणसाशी ग्रंथपालाने खोटं बोलायचं, आणि ते कायम बोलत राहायचं, कारण या निर्णयाला तारीखच नाही. सरकारची अधिसूचना कोर्टात रद्द तरी होते, कपाटातल्या पुस्तकासाठी जायचं कुणाकडे? ज्याने ठेवायला सांगितलं ते अध्यक्ष बदलतात, ग्रंथपाल बदलतो, पुस्तक आतच राहतं आणि शेवटी जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून कमी करायच्या, यादीत घालून रद्दीत जातं. मी दुसऱ्या एका वाचनालयाच्या तपासणीला मदत करायला गेले होते तेव्हा असं एक कपाट उघडलं होतं. त्यात दलित आत्मकथनं होती भाषा शिवराळ आहे म्हणून, एका सुधारकाचं चरित्र होतं, अंधश्रद्धेवरची पुस्तकं होती, आणि एका जुन्या लेखकाची कथा होती ज्यात एका जातीबद्दल वाईट लिहिलंय म्हणून. एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या लोकांनी हरकत घेतलेली पुस्तकं एकाच कपाटात शेजारी शेजारी पडली होती, आणि ती कोणी कधी ठेवायला सांगितली हे तिथल्या कुणालाच सांगता येत नव्हतं.

म्हणून माझा नियम असा की पुस्तक काढायचं असेल तर उघडपणे, कारण लिहून, ठराव करून काढायचं. एकदा लिहायची वेळ आली की निम्म्या लोकांना आपोआप कळतं की आपल्याकडे लिहिण्यासारखं कारण नाही.

निवेदन आलं तर काय करायचं ते सांगते. निवेदन घ्या, नाकारू नका, आवक नोंदवहीला चढवा, पोहोच द्या, त्यांना बसायला खुर्ची आणि पाणी द्या. काउंटरवर पुस्तकाच्या मजकुरावर वाद घालू नका, तिथे तुम्ही एकट्या किंवा एकटे असता आणि समोर मोबाइल चालू असतो. एवढंच म्हणा, तुमचं म्हणणं कमिटीपुढे ठेवते, तुम्हाला लेखी उत्तर मिळेल. मग त्यांना एक फॉर्म द्या, नसेल तर साध्या कागदावर मागा, पुस्तक पूर्ण वाचलंय का, कोणत्या पानांवर हरकत आहे, हरकत काय आहे, ते चुकीचं आहे असं म्हणणं असेल तर खरं काय आणि ते कशावरून, आणि तुमच्या मते काय व्हावं. हा प्रश्न टोमणा मारल्यासारखा विचारू नका, वाचलंय का म्हणताना आवाज चढला की संपलं. पुस्तक वाचलं नसेल तर द्या वाचायला, सभासद नसले तरी तिथे बसून वाचायला द्या.

हरकत घेणाऱ्या माणसाला मी कधी शत्रू मानलं नाही. त्याला खरंच लागलेलं असतं. आपल्या माणसाबद्दल, आपल्या दैवताबद्दल काही वाईट छापलंय असं कळल्यावर राग येणं यात चूक काय आहे. त्याला वाचनालयाकडून एक गोष्ट हक्काने मिळायला हवी, ती म्हणजे त्याच्या बाजूचं पुस्तक. आमच्याकडे एकदा इतिहासाच्या एका पुस्तकावरून अशीच मंडळी आली होती, मी विचारलं की या विषयावर खरी माहिती देणारी पुस्तकं कोणती ते तुम्ही सांगा. त्यांनी नावं दिली, त्यातली जी मिळाली ती आम्ही शासनमान्य यादी बघून पुढच्या खरेदीत घेतली, दोन्ही बाजूंची पुस्तकं एकाच फडताळावर लावली आणि त्यांना बोलावून दाखवली. सगळ्यांचं समाधान झालं नाही, एकजण शेवटपर्यंत नाराज राहिला, पण पुस्तक जागेवर राहिलं. सगळीकडे असंच होईल असं मात्र समजू नका. दुसऱ्या एका वेळी कुणी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हतं, तेव्हा आम्ही वाचनालय लवकर बंद केलं, पोलिस स्टेशनला लेखी कळवलं आणि दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उघडलं. धमकी असेल तर माणसांची काळजी आधी. प्रत परत विकत घेता येते.

कमिटीत चर्चा कशी व्हावी? निदान दोन-तीन जणांनी पुस्तक पूर्ण वाचलेलं असावं, त्यात एखादा विषय जाणणारा असावा, गावातल्या कॉलेजचे इतिहासाचे किंवा मराठीचे सर-मॅडम मिळाले तर उत्तम. चर्चेचा विषय "आपल्याला हे आवडलं का" हा नसून "हे आपल्या वाचनालयात असण्याजोगं आहे का" हा ठेवायचा. लेखक कोण, प्रकाशक कोण, कादंबरी आहे की इतिहास म्हणून लिहिलंय, आधी कोणी मागून नेलंय का, पुस्तक आलं कसं, खरेदीतून, देणगीतून की ग्रंथालयांना मदत करणाऱ्या केंद्राच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानच्या योजनेतून, हे सगळं दाखल नोंदवहीवरून तुम्ही काढून ठेवा. कधीकधी हरकत बरोबरही असते. आमच्याकडे देणगीत आलेलं एक घरगुती उपचारांचं पुस्तक होतं, लहान मुलांना धोका होईल असे उपाय त्यात होते, एका डॉक्टर सभासदांनी दाखवून दिलं आणि आम्ही ठराव करून ते काढलं. कादंबरीत एक पात्र वाईट बोलतं, किंवा लेखकाने आपल्याला न पटणारा अर्थ लावला, हे त्या प्रकारचं कारण नाही.

मग तुमचा तिसरा प्रश्न, ठरवणारे आपण कोण. निवड तर आपण करतोच, अनुदान तुटपुंजं असतं आणि सगळी पुस्तकं घेता येत नाहीत. पण निवड करताना मी शोधत असते की हे घ्यायला कारण काय आहे, आणि काढायला लावणारा शोधत असतो की हे न ठेवायला कारण काय सापडतं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रं मांडली, ती आपण सगळे परीक्षेसाठी पाठ करतो, त्यातलं प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक हे सूत्र मला अशा वेळी आठवतं. त्याचं, म्हणजे त्या वाचकाचं. माझं नाही, अध्यक्षांचं नाही, आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसाचंही नाही. ज्याला नको त्याने न वाचण्याचं स्वातंत्र्य तेवढंच पक्कं आहे, त्याच्या घरी कोणी पुस्तक नेऊन टाकत नाही. तमिळ कादंबरीकार पेरुमल मुरुगन यांच्या पुस्तकाच्या प्रकरणात मद्रास हायकोर्टाने २०१६ मध्ये हेच म्हटलं होतं की वाचायची सक्ती नाही, आवडलं नाही तर बाजूला टाका.

मुलांच्या बाबतीत मात्र मी इतकं सरळ बोलणार नाही. बालविभाग वेगळा असावा, मुलांचं कार्ड वेगळं असावं, आणि बालविभागासाठी पुस्तकं निवडताना वयाचा विचार करायलाच हवा, अश्लील साहित्य लहान मुलाला देणं हा कायद्यानेही जास्त गंभीर गुन्हा आहे. आठवी-नववीच्या मुलांचं कठीण असतं, त्यांना बालविभागातलं बालिश वाटतं आणि मोठ्यांच्या विभागातलं सगळंच देता येत नाही. एक आई माझ्याकडे आल्या होत्या, मुलीने एक आत्मकथन नेलं होतं, त्यातल्या भाषेने त्या हादरल्या होत्या, म्हणाल्या हे पुस्तक मुलींना देऊच नका. मी म्हटलं, तुमच्या मुलीच्या कार्डावर मी नोंद करते, तुम्हाला विचारल्याशिवाय मोठ्यांच्या विभागातलं देणार नाही. पण दुसऱ्या मुलींच्या आयांना काय वाटतं ते त्यांना ठरवू दे. त्यांना ते पटलं. आईवडिलांचा शब्द त्यांच्या मुलापुरता पूर्ण मानायचा, आणि तिथेच थांबायचं. हा नियम मी शिक्षकांना, सरपंचांना, सगळ्यांना सांगितलाय.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण नक्की येणार. हे पुस्तक आजवर कोणी कोणी नेलं ते सांगा, असं कोणीतरी म्हणेल. कधी रागाने म्हणेल, कधी गप्पांच्या ओघात सहज. सांगायचं नाही. देवघेवीची नोंद पुस्तक परत यावं म्हणून ठेवलेली असते, माणूस ओळखावा म्हणून नाही. कार्यकारी मंडळाच्या सदस्यालाही सांगायचं नाही, अध्यक्षांनाही नाही. तपासासाठी पोलिसांनी लेखी मागितलं किंवा कोर्टाचा आदेश आला तर गोष्ट वेगळी, तेव्हाही आधी वकिलाला विचारा. छोट्या गावात कोण काय वाचतं हे एकदा काउंटरवरून बाहेर गेलं की पुढे ते पुस्तक मागायला कोणी येत नाही, मग कपाटाचीही गरज उरत नाही. देवघेवीचं रजिस्टर लोकांच्या नजरेसमोर उघडं पडलेलं असतं बऱ्याच ठिकाणी, ते आजच आत ठेवा. ई-ग्रंथालय किंवा कोहा यांसारखं ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर पासवर्ड कोणाकोणाकडे आहे तेही बघा.

पोलिस आले तर विरोध करायचा नाही, पण नम्रपणे कागद मागायचा. कलम ९८ खाली जागेची झडती घ्यायची तर दंडाधिकाऱ्यांचं वॉरंट लागतं आणि अधिकारी उपनिरीक्षक दर्जाचा किंवा वरचा लागतो. अधिसूचना खरी असेल तर प्रत द्या, पंचनाम्याची नक्कल घ्या, आणि दाखल नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात तारखेसह "जप्त" असं लिहा. "साहेब म्हणाले काढून टाका" हा आदेश नाही, तो सल्ला आहे, आणि तसं कोणी म्हटलं तर त्याच दिवशी पत्र पाठवा की आपण अमुक तारखेला तोंडी सांगितलंत, कृपया लेखी कळवावं.

तर आत्ता तुमच्या हातात काय आहे. पुस्तक जागेवर, निवेदनाची नोंद, अधिसूचनेची लेखी विचारणा, हरकतीचा तपशील लेखी, आणि कमिटीची सभा. आठ दिवसांची मुदत त्यांनी दिलीय, कायद्याने तुम्हाला ती बंधनकारक नाही, पण सभा त्या आधी बोलवलीत तर बरं, वातावरण निवळतं. अध्यक्षांना आधी एकटं गाठून बोला, सभेत सगळ्यांसमोर नको. त्यांना सांगा की कपाटात टाकलं आणि उद्या कोणी सभासदाने माहिती मागितली की अनुदान घेणाऱ्या वाचनालयाने कोणत्या अधिकारात पुस्तक दडवलं, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, आणि ठराव असेल तर सगळं मंडळ तुमच्या पाठीशी असेल. माझ्या अनुभवात अध्यक्षांना हा मुद्दा स्वातंत्र्याच्या मुद्द्यापेक्षा लवकर पटतो.

ठरावाचा मसुदा साधा ठेवा. अमुक तारखेचं निवेदन मिळालं, पुस्तकावर जप्तीची अधिसूचना असल्याचं आढळलं नाही, सक्षम कार्यालयांकडे विचारणा केली आहे, मंडळाच्या अमुक सदस्यांनी पुस्तक वाचलं, पुस्तक संग्रहात ठेवण्यात येत आहे, अर्जदारांनी सुचवलेली याच विषयावरची अन्य पुस्तकं खरेदीसाठी विचारात घेण्यात येतील, आणि यापुढे कोणतंही पुस्तक हरकतीवरून काढायचं झाल्यास ते लेखी अर्ज व मंडळाच्या ठरावाशिवाय काढू नये. हे शेवटचं वाक्य गाळू देऊ नका, पुढच्या निवेदनाच्या वेळी तुमच्या जागी दुसरं कोणी असेल. इतिवृत्तावर सह्या झाल्या की एक प्रत अर्जदारांना द्या, एक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना, एक माहितीसाठी पोलिस स्टेशनला, आणि तिन्हींच्या पोहोच घ्या. जिल्हा कार्यालयाचं उत्तर आलं आणि त्यात खरंच अधिसूचनेचा क्रमांक निघाला तर मला इथेच कळवा, मग पुढचं वेगळं बोलावं लागेल.